व्हेरिएबलचं बारसं

महिन्याच्या खर्चाची बेरीज करणारा चार ओळींचा प्रोग्राम घेऊ. पायथनमध्ये २००८ च्या ३.० आवृत्तीपासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत लिहिता येतात, तेव्हा नावं मराठीच ठेवू. पहिल्या ओळीत ‘एकूण’ या नावात शून्य घातलं. मग लूप सुरू केला: यादीतली एकेक ‘रक्कम’ उचलायची आणि बेरजेत मिळवायची. ती ओळ टंकताना बोट घसरलं आणि उमटलं ते असं: एकुण = एकूण + रक्कम. डावीकडे ऱ्हस्व उकार, उजवीकडे दीर्घ. शेवटच्या ओळीत ‘एकूण’ छापायला सांगितलं. प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि उत्तर देतो शून्य. यादीत तीन रकमा असोत की तीन हजार, उत्तर शून्यच. पायथनच्या लेखी ‘एकुण’ हे नवं, स्वतंत्र, पूर्ण कायदेशीर नाव आहे. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे ते दिसलं आणि त्याच क्षणी जन्माला आलं. हीच चूक उजव्या बाजूला झाली असती, तर ‘असं नाव मला माहीत नाही’ म्हणून प्रोग्राम तिथेच थांबला असता. म्हणजे वाचताना नाव तपासलं जातं, लिहिताना नाही. खतावणी लिहिणाऱ्या जुन्या मुनिमाला हे पटलं नसतं. आधी खातं उघडायचं, मग त्यात नोंद करायची. नोंद करता करता नाव चुकलं म्हणून आपोआप नवं खातं उघडलं जावं, अशी सोय कुठल्याही पेढीने ठेवली नसती.

तरीही ही सोय ठेवणाऱ्या भाषा थोड्याथोडक्या नाहीत. पायथन, रुबी, पीएचपी, जुनी जावास्क्रिप्ट, ल्युआ, बेसिक आणि या सगळ्यांची आजी शोभेल अशी फोर्ट्रान. समोरच्या बाजूला अल्गोल, पास्कल, सी, जावा, गो, रस्ट. व्हेरिएबल वापरण्याआधी ते डिक्लेअर करण्याची सक्ती भाषेने करावी का, हा वाद साठ वर्षं चालू आहे. तो सहसा ‘शिस्त विरुद्ध मोकळीक’ अशा स्वभावाच्या पातळीवर खेळला जातो, म्हणून कुठे पोचत नाही. मला त्यात स्वभावापेक्षा हिशेबाचा भाग जास्त दिसतो. कुठल्याही भाषेला, दर वेळी नावात काही ठेवताना, एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: हे नाव नवं आहे की जुनं? प्रोग्रामरने ते सांगितलं नाही, तर भाषा अंदाज करते. आणि अंदाज चुकतो त्या जागांसाठी तिला पुढे कुठेतरी, बहुधा अधिक अडचणीच्या ठिकाणी, तेच उत्तर मागून घ्यावं लागतं. डिक्लरेशन टाळता येत नाही, फक्त त्याची जागा बदलते, असं माझं म्हणणं आहे.

त्याआधी एक गुंता सोडवला पाहिजे. ‘डिक्लेअर करणं’ या एका शब्दात तीन वेगळी कामं कोंबलेली आहेत. हे नाव आता अस्तित्वात आलं, एवढं सांगणं हे पहिलं. ते नाव कुठून कुठपर्यंत चालेल, म्हणजे त्याचा स्कोप, हे दुसरं. त्यात काय मावेल, पूर्णांक की दशांश की मजकूर, म्हणजे टाइप, हे तिसरं. सी किंवा जावा शिकलेल्याच्या मनात ही तिन्ही एकजीव झालेली असतात, कारण तिथे टाइपचं नाव लिहिणं हीच व्हेरिएबल जन्माला घालण्याची रीत. मग डिक्लरेशन नको म्हणणारा खरं तर टाइप लिहायला कंटाळलेला असतो आणि हवं म्हणणारा टाइपच्या फायद्यांची यादी वाचत असतो. पण ही कामं सुटी करता येतात आणि ती पूर्वीच करून झालेली आहेत. स्मॉलटॉकमध्ये टाइपचा मागमूस नाही, तरी मेथडमधली तात्पुरती नावं सुरुवातीला दोन उभ्या रेघांमध्ये लिहावी लागतात. स्कीममध्येही टाइप लिहीत नाहीत. पण नाव निर्माण करायला ‘डिफाइन’ आणि असलेल्या नावातली किंमत बदलायला ‘सेट’ असे दोन निराळे शब्द आहेत, आणि जन्मालाच न आलेल्या नावावर ‘सेट’ चालवणं ही चूक ठरते. रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरोत घडवलेल्या एमएलमध्ये टाइप कंपायलर स्वतः ओळखून काढतो, तरी नाव बांधायचा शब्द लिहावाच लागतो. ही वाट मग मुख्य रस्त्यालाही मिळाली: सी-शार्पमध्ये २००७ ला ‘व्हार’, सी-प्लस-प्लसमध्ये २०११ ला ‘ऑटो’, जावात २०१८ ला पुन्हा ‘व्हार’. अर्थ तोच, टाइप लिहू नका, पण नाव नवं आहे एवढं सांगा. फोर्ट्रानमध्ये नेमकं उलट होतं. तिथे प्रत्येक व्हेरिएबलला ठरलेला टाइप होता, डिक्लरेशन मात्र नव्हतं.

१९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान बाहेर काढली, तेव्हा नियम असा होता: ज्या नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांपैकी असेल ते पूर्णांक, बाकी सारे दशांश. गणितात सुट्या मोजण्यांसाठी आय, जे, के, एन हीच अक्षरं वापरायची सवय, तीच भाषेत आली. आज हा नियम विनोदाचा विषय असला तरी तेव्हा तो मूर्खपणाचा नव्हता. नावं सहा अक्षरांपेक्षा मोठी नसत, प्रोग्राम एकेक ओळ एकेक पंचकार्डावर चढे आणि लिहिणारा शास्त्रज्ञ वहीतलं समीकरण समोर ठेवून बसे. डझनभर नावांसाठी आणखी डझनभर कार्डं पंच करायला लावणं हा जुलूम वाटला असता. अडचण आली ती दुसऱ्या एका सवलतीशी या सवलतीची गाठ पडल्यावर. फोर्ट्रान ओळीतल्या मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करी. ‘डू १० आय = १,१०’ ही लूपची सुरुवात: आयची किंमत १ पासून १० पर्यंत नेत दहा क्रमांकाच्या ओळीपर्यंतचं काम करत राहा. आता स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, तर कंपायलरला दिसतं ‘डू१०आय = १.१०’. ‘डू१०आय’ नावाचं एक दशांश व्हेरिएबल, त्यात एक पूर्णांक दहा शतांश ही किंमत. लूप गायब, आतलं काम एकदाच होतं, आणि कंपायलर मिठाची गुळणी धरून बसतो. नाव डिक्लेअर करण्याची सक्ती असती, तर ‘डू१०आय’ कोण, असं त्याने पहिल्या फटक्यात विचारलं असतं.

या टिंबाने एक अंतराळयान बुडवलं, अशी कथा या वादात हमखास सांगितली जाते. शुक्राकडे निघालेलं ‘मरिनर १’ हे नासाचं यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर २९३ सेकंदांनी नष्ट करावं लागलं, हे खरं. पण मार्गदर्शनाच्या समीकरणांची नक्कल करताना एका चिन्हावरची आडवी रेघ सुटली, हे त्याचं मूळ होतं. फोर्ट्रानच्या टिंबाशी त्याचा संबंध नाही. तशी टिंबाची चूक नासाच्याच मर्क्युरी प्रकल्पाच्या एका प्रोग्राममध्ये होती, ती वेळेत सापडली, आणि पुढे दोन गोष्टींची सरमिसळ झाली. गंमत अशी की टोनी होर यांच्यासारख्या माणसानेही १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात मरिनरचं खापर डिक्लरेशनच्या अभावावर फोडलं. सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्याने हा पुरावा आपणहून बाजूला ठेवलेला बरा. होर यांच्या त्याच भाषणातली दुसरी आठवण मात्र जास्त मोलाची आहे. १९६० च्या दशकात अल्गोलच्या कार्यगटात बसले असताना खुद्द त्यांनीच सुचवलं होतं की डिक्लरेशनची सक्ती सैल करून फोर्ट्रानसारखा एखादा ठोकताळा घ्यावा. सहकाऱ्यांनी ते सौम्यपणे पण ठामपणे फेटाळलं. कारण असं दिलं, की अल्गोलमधली ही पुनरुक्ती हेच चुकांविरुद्धचं सर्वांत चांगलं कवच आहे. चालत्या प्रोग्राममध्ये चूक शोधणं महाग, आणि न शोधणं त्याहून महाग. होर यांना ते पुढे पटलं. पुनरुक्ती म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण चेकवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोनदा लिहितो ती याच हेतूने.

सवलत दिलेल्या भाषांचं पुढे काय झालं, हा माझ्या मते या वादातला सर्वांत बोलका पुरावा. फोर्ट्रान ९० च्या प्रमाणात ‘इम्प्लिसिट नन’ हे विधान अधिकृतपणे आलं: ते लिहिलं की पहिल्या अक्षराचा ठोकताळा बंद, प्रत्येक नाव डिक्लेअर करा. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ठोकताळा आजही मूळ नियम आहे, त्यामुळे सावध माणूस प्रत्येक प्रोग्रामच्या किंवा मॉड्यूलच्या माथ्यावर ही ओळ लिहीत बसतो. हवामानाची मोठमोठी संगणकीय प्रारूपं आजही बव्हंशी फोर्ट्रानमध्ये आहेत, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालतात तीही. म्हणजे १९५७ चा हा निर्णय अजून रोज कुणाला तरी एक ओळ लिहायला लावतो. पर्लमध्ये १९९४ च्या पाचव्या आवृत्तीने ‘यूज स्ट्रिक्ट’ आणलं. २०१० च्या ५.१२ पासून तर आवृत्तीचा आकडा प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहिला की सक्ती आपोआप लागू होते. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ होतंच. डॉटनेटच्या अवतारात ते मूळचंच चालू करून दिलं. एक्सेलच्या मॅक्रोंमध्ये मात्र ते आजही आपण होऊन लिहावं लागतं किंवा एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तशी खूण करावी लागते, आणि चुकीचं टंकलेलं नाव हिशेबात निमूट शून्य म्हणून मिसळतं. ऑफिसातल्या किती बेरजा या वाटेने बिघडल्या असतील, ते मोजायला कुणी बसलेलं नाही. सी भाषेत व्हेरिएबल डिक्लेअर करावं लागे, पण फंक्शन न सांगता वापरता येई, आणि ते पूर्णांकच परत करतं असं कंपायलर गृहीत धरी. १९९९ च्या प्रमाणाने ही मुभा काढली. जीसीसी कंपायलरने तिला सरळ चूक ठरवायला २०२४ ची चौदावी आवृत्ती उजाडली. मुभा देणं एका बैठकीचं काम, परत घेणं पंचवीस वर्षांचं. ल्युआमध्ये न सांगितलेलं नाव थेट ग्लोबल होई; तिच्याही ५.५ आवृत्तीत ग्लोबल नावांसाठी डिक्लरेशन आलं.

जावास्क्रिप्टची हकिगत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि त्यात न सांगितलेल्या नावात काही ठेवलं की ते नाव सबंध पानाचं, म्हणजे ग्लोबल होई. आता हे दृश्य पाहा. बाहेरचा लूप ‘आय’ हे नाव घेऊन शून्यापासून पाचच्या आतपर्यंत फिरतो आणि प्रत्येक फेरीत एका फंक्शनला बोलावतो. ते फंक्शन दुसऱ्याच कुणी लिहिलेलं, त्यातही एक लूप, त्यातही ‘आय’, मर्यादा तीन. दोघांनीही ‘व्हार’ लिहायचा कंटाळा केला. फंक्शन आपलं काम संपवतं तेव्हा आयची किंमत तीन असते. बाहेरचा लूप तिच्यात एक मिळवतो, चार. चार पाचपेक्षा कमी, म्हणून पुन्हा फंक्शन. पुन्हा तीन, पुन्हा चार. पान गोठतं. फंक्शनमधली मर्यादा दहा असती, तर उलट बाहेरचा लूप एकाच फेरीत संपला असता आणि पान सुरळीत चालल्याचा भास झाला असता. दोन्ही तुकडे वेगवेगळे तपासले तर निर्दोष. २००९ च्या पाचव्या आवृत्तीत ‘यूज स्ट्रिक्ट’ आलं आणि अनाथ नावात काही ठेवणं ही चूक झाली. २०१५ मध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आले. मॉड्यूल आणि क्लासमध्ये तर शिथिल रीत उपलब्धच नाही. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो असं आपण म्हणतो, पण इथे प्रत्येक मागच्याने आपापली ठेच स्वतः खाल्ली आहे.

यावर पायथनचा चाहता म्हणेल, जावास्क्रिप्टचा अंदाज वाईट होता, आमचा चांगला आहे. ते खरंच आहे. फंक्शनच्या आत ज्या नावात काही ठेवलं ते त्या फंक्शनपुरतं नवं, हा पायथनचा अंदाज, आणि अंदाजच करायचा तर याहून शहाणा मला सुचत नाही. पण घोडं पेंड खातं ते पुढे. फंक्शनबाहेर ‘मोजणी’ नावाचं व्हेरिएबल आहे आणि आतून ते एकाने वाढवायचं आहे. ‘मोजणी = मोजणी + १’ लिहिलं की पायथन समजतो, नाव आतलं, नवं; मग उजवीकडे तेच वाचायला गेल्यावर म्हणतो, याला अजून किंमतच दिलेली नाही. नवशिक्यांना हटकून अडवणारी ही जागा. तोडगा म्हणून आधी ‘ग्लोबल मोजणी’ अशी ओळ लिहायची. ही ओळ म्हणजे डिक्लरेशन नाही तर काय? फरक इतकाच की बाकीच्या भाषा ‘हे नवं आहे’ असं सांगायला लावतात, पायथन ‘हे जुनं आहे’ असं. आणि फंक्शनच्या आत फंक्शन आलं, की मधल्या घरातलं नाव बदलायला ‘ग्लोबल’ही पुरेना, म्हणून ३.० आवृत्तीत ‘नॉनलोकल’ हा आणखी एक शब्द घालावा लागला. पीएचपीतही फंक्शनच्या आत ‘ग्लोबल’ लिहावं लागतं. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा असा मागच्या दाराने घरात येतो, आणि येताना दोन शब्द जास्त घेऊन येतो.

कॉफीस्क्रिप्टने २००९ मध्ये उलटा अंदाज करून पाहिला: बाहेर कुठेही त्या नावाचं व्हेरिएबल असेल, तर तेच जुनं समजायचं, नसेल तरच नवं. कागदावर हे साधं आणि सुसंगत आहे. व्यवहारात असं होतं की फाइलीच्या वरच्या टोकाला कुणी एक नवं नाव वापरायला घेतलं, आणि तीनशे ओळी खाली एका फंक्शनमध्ये तेच नाव आधीपासून खाजगी म्हणून नांदत असलं, तर ती दोन एका रात्रीत एक होतात. खालच्या फंक्शनला कुणी हातही लावलेला नसतो. जूलिया या नव्या, वैज्ञानिक गणितासाठी घडवलेल्या भाषेने २०१८ च्या १.० आवृत्तीत तिसरी वाट धरली: सगळ्यांत वरच्या पातळीवर लिहिलेल्या लूपच्या आत ठेवलेलं नाव नवं. लूप फिरवून बेरीज करायला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी चूक दिसू लागली, कारण बाहेरची बेरीज आतून दिसेना. इतकी ओरड झाली की २०२० च्या १.५ मध्ये नियम बदलला. समोरासमोर संवादात टंकलं तर ते नाव जुनं. तीच ओळ फाइलीत लिहिली तर इशारा देऊन नवं. एकाच ओळीचा अर्थ ती कुठे बसून लिहिली यावर ठरतो. या भाषांचे रचनाकार साधेसुधे लोक नाहीत. त्यांनाही एकमेकांशी जुळणारा अंदाज सापडू नये, यावरून मला वाटतं की तसा बिनचूक अंदाज अस्तित्वातच नाही. माहिती प्रोग्रामरच्या डोक्यात आहे आणि ती विचारूनच घ्यावी लागते.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: नवशिक्यांना हे ओझं होतं. केमेनी आणि कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथला बेसिक केली ती विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठीच, आणि त्यात डिक्लरेशन नव्हतं. पण तिथे नाव म्हणजे एक अक्षर, फार तर पुढे एक आकडा. एकाक्षरी नावात शुद्धलेखनाची चूक होणार कशी? शिवाय मूळ बेसिकमध्ये प्रत्येक ठेवणीआधी ‘लेट’ हा शब्द होताच, फक्त तो नवं-जुनं असा भेद करत नव्हता. नवशिक्याला जड जातो तो टाइपचा भार, हे मान्य. ‘लेट’ किंवा ‘व्हार’ असा एक शब्द जड जातो असं म्हणणं म्हणजे विद्यार्थ्याला फारच कमी लेखणं. उलट, उत्तर शून्य का आलं हे तासभर शोधत बसणं त्याच्यासाठी जास्त जड. ओझ्याची ही कीर्ती खरं तर जुन्या रीतीमुळे झाली आहे. कोबॉलमध्ये डेटासाठी अख्खा विभाग राखलेला, पास्कलमध्ये सगळी नावं फंक्शनच्या माथ्यावर, १९९९ पूर्वीच्या सीमध्ये प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत टर्बो सीवर शिकलेल्या पिढीच्या हाताला तर अशी सवय की प्रोग्राम सुचायच्या आधी पूर्णांक आय, जे, के लिहून मोकळं व्हायचं. वापराच्या जागेपासून चाळीस ओळी दूर, काय लागेल ते माहीत नसताना केलेलं डिक्लरेशन हा निव्वळ सोपस्कार, आणि त्याला विटलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. बारसं मूल झाल्यावर करायचं असतं. पहिली किंमत देतानाच, त्याच ओळीत, एका शब्दाने नाव नवं असल्याचं सांगितलं की हा आक्षेप उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: सक्तीच्या भाषांनाही स्वतःचे खड्डे आहेत. गो भाषेत नव्या नावासाठी विसर्ग-बरोबर (:=) आणि जुन्यासाठी नुसतं बरोबर. आतल्या ब्लॉकमध्ये चुकून विसर्ग जास्त पडला, की बाहेरच्या ‘एरर’ व्हेरिएबलवर सावली टाकणारं त्याच नावाचं दुसरं व्हेरिएबल तयार होतं. आत चूक पकडली जाते आणि बाहेर ती पोचतच नाही. गो लिहिणाऱ्यांत हा खड्डा कुप्रसिद्ध आहे. त्यात गोचा नियम असा की डावीकडे दोन नावं असतील आणि त्यांतलं एक जरी नवं असेल, तरी विसर्ग चालतो. म्हणजे एकाच चिन्हाने एक नाव नवं आणि एक जुनं. माझ्या मते इथे डिक्लरेशनचा दोष नाही. नवं-जुनं हा फरक एका टिकलीएवढ्या चिन्हावर सोपवला आणि वर त्यातही अंदाजाला जागा ठेवली, त्याची ही शिक्षा. आतल्या नावाने बाहेरच्यावर सावली टाकणं हेही सांगूनच करू द्यावं, असा नियम करायला काही हरकत नव्हती.

तिसरा आक्षेप साधनांचा. नाव चुकलं तर एडिटर तांबडी रेघ मारतो, लिंटर म्हणजे कोड न चालवता तपासणारं साधन सांगतं, मग भाषेने सक्ती कशाला? लिंटर बरंच काही पकडतात, हे खरं. पण पायथनसाठीचा पायफ्लेक्स ‘नाव ठेवलं पण कधी वापरलं नाही’ असं सांगतो ते फंक्शनच्या आतल्या नावांबद्दल. सुरुवातीचा आपला चार ओळींचा प्रोग्राम फंक्शनबाहेर आहे, तिथे तो गप्प. आणि तो बिचारा सांगणार तरी काय? भाषेच्या लेखी ती ओळ बरोबर आहे. लिंटरला लेखकाच्या मनातलं ओळखायचं आहे. म्हणजे पुन्हा अंदाजच. ‘लक्ष देऊन लिहा’ या सल्ल्याबद्दल तर मराठी माणसाने सर्वांत सावध असावं. ‘कर्मचाऱ्याचा’ या शब्दातल्या ‘ऱ्या’मधला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्तावाल्या ऱ या अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कीबोर्ड बदलला की साठवण बदलते, पडद्यावर दिसणारा शब्द तोच. पायथन असलं अदृश्य चिन्ह नावात चालवूनच घेत नाही. जावास्क्रिप्ट चालवून घेते, आणि तिच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत. डोळ्यांत तेल घालून वाचलं तरी माणसाला ती वेगळी दिसणार नाहीत. जुन्या शिथिल रीतीत दुसरं नाव मुकाट जन्माला येईल. स्ट्रिक्टमध्ये ती ओळ चालताक्षणी ‘हे कोण’ म्हणून अडेल.

चौथा आक्षेप पुराव्याचा, आणि तो मी हलका मानत नाही. डिक्लरेशनच्या सक्तीने चुका किती घटतात, याचं थेट मोजमाप हाती देता येत नाही. जे प्रयोग पुढे केले जातात ते टाइपचे आहेत. गॅनन यांनी १९७७ मध्ये टाइप असलेली आणि नसलेली अशा दोन भाषांत विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलं, तेव्हा टाइपवाल्या भाषेत चुका कमी आढळल्या. २०१७ मध्ये गाओ, बर्ड आणि बार यांनी जावास्क्रिप्टमधल्या, पुढे दुरुस्त झालेल्या चुका तपासल्या. टाइप तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्ट किंवा फ्लोने त्यांतल्या साधारण १५ टक्के आधीच पकडल्या असत्या. हे आकडे उसने आणून डिक्लरेशनच्या खात्यावर जमा करणं बरोबर नाही. तसंच ‘पायथनमध्ये एवढं जग चाललंय, म्हणजे गरज नाही’ हेही उत्तर नव्हे. पायथन चालतो तो त्याच्या लायब्रऱ्या, वाचायला सोपी मांडणी आणि आपला तो बऱ्यापैकी शहाणा अंदाज यांच्या जोरावर. ‘एकुण’ जन्माला घालण्याच्या मुभेमुळे कुणी पायथनकडे वळला असेल असं वाटत नाही. मोजमाप नसताना उरतो तो भाषांच्या इतिहासाचा पुरावा, आणि तो बहुतांशी एकाच दिशेने वाहतो. मुभा देऊन सुरू झालेल्या भाषा सक्तीकडे सरकल्या. सक्तीची सोय असलेल्या जावास्क्रिप्टवर मुभेची भाषा रचण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे कॉफीस्क्रिप्ट. तिच्यातल्या कित्येक सोयी २०१५ च्या जावास्क्रिप्टने उचलल्या, ही मात्र उचलली नाही.

डिक्लरेशनकडून भलत्या अपेक्षाही नकोत. दोन्ही नावं रीतसर डिक्लेअर केलेली असतील आणि बोटाने एकाऐवजी दुसरं टंकलं, तर ते काही करू शकत नाही. ऑब्जेक्टच्या आतली नावं, डिक्शनरीतल्या किल्ल्या, सीएसव्ही फाइलीतले स्तंभांचे मथळे, हे सगळं त्याच्या कक्षेबाहेर राहतं. आजच्या प्रोग्राममध्ये चुकीची नावं तिथेच जास्त सापडतात, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. त्यासाठी वेगळी हत्यारं लागतात.

आणि मुभेची खरी जागाही आहे. ऑक ही छोटी भाषा त्याचा उत्तम नमुना. अहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं, साल १९७७. फाइलीतल्या तिसऱ्या स्तंभाची बेरीज हवी असेल, तर एका ओळीत ती मागता येते: एका नावात तिसरा स्तंभ मिळवत जा, शेवटी छाप. नाव आधी सांगायला नको, शून्य भरायला नको. प्रथम दिसलं की त्याची किंमत शून्यच. ती ओळ टंकली, उत्तर पाहिलं, ओळ विसरून गेलो. तिथे डिक्लरेशन मागणं म्हणजे चहाच्या टपरीवर पक्कं बिल मागणं. पर्लनेही हेच ओळखून कमांडवरच्या एकओळी प्रोग्रामना सक्तीतून सोडलं आहे, आणि मला ती रेघ योग्य जागी मारलेली वाटते. ऑकला मात्र १९८५ च्या आवृत्तीत स्वतःची फंक्शनं लिहिण्याची सोय मिळाली, आणि लगेच प्रश्न आला की फंक्शनपुरतं नाव कसं सांगायचं. भाषेत तसा शब्दच नव्हता. नाव वापरलं की ते ग्लोबल. मग प्रोग्रामरांनी एक युक्ती काढली, ती आजतागायत चालू आहे. फंक्शनच्या कंसात खरे पॅरामीटर लिहून झाले की चारपाच मोकळ्या जागा सोडायच्या आणि पुढे आणखी काही पॅरामीटर लिहायचे, जे बोलावताना कुणीही कधीच द्यायचे नाहीत. न दिलेला पॅरामीटर फंक्शनपुरता आणि रिकामा असतो, तेव्हा तोच खाजगी व्हेरिएबल म्हणून वापरायचा. ऑकला त्या मोकळ्या जागांशी काही देणंघेणं नाही. त्या वाचणाऱ्या माणसासाठी आहेत: इथून पुढची नावं नवी.